न ऐकलेले ठोके

बुधवार, कार्तिक वद्य पंचमी.

आबा, आज सकाळच्या गाडीने पोराला रोहा स्टेशनवरून रवाना केलं. त्याची आई नागोठण्यापर्यंत त्याच्यासोबत गेली, ती दोन दिवस बहिणीकडे राहणार आहे. मी घरी आलो, चहा केला, पेपर चाळला. जेवायला बसलो पण जेवण गेलं नाही. दुपारी आडवा झालो, झोप लागली नाही. आता तीन वाजलेत. पोराचा फोन संध्याकाळी सहापर्यंत चालू असेल. मग तो जमा करावा लागतो, आणि पुढे किती दिवस त्याचा आवाज कानावर पडणार नाही हे त्यालाही माहीत नसतं. म्हणजे माझ्या हातात तीन तास आहेत. त्याला एक गोष्ट सांगायची की नाही ते ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

या नातवाला तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर चार वर्षांनी तो झाला. पाणबुडीवर आहे, आणि मी करायचो तेच काम करतो: कानाला हेडफोन लावून समुद्र ऐकायचा आणि काय ऐकू येतं ते सांगायचं. मी त्याला कधी जा म्हटलं नाही. पण घरात लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आला. त्याची आई सांगायची, तिचे भाऊ सांगायचे, गणपतीत कोणी पाहुणा आला की पहिल्या चहाला ती गोष्ट निघायची. बापाने पाण्याखाली तीन ठोके ऐकले आणि दोन कमांडोंचे जीव वाचले. मी तिथेच बसलेला असायचो. मान खाली घालून बशीत चहा ओतायचो. लोकांना वाटायचं, माणूस मोठेपणा मिरवत नाही.

आज गाडी यायला वेळ होता. बायको डबा त्याच्या पिशवीत कोंबत होती. "एवढं नको गं आई, तिकडे जेवण देतात," तो म्हणाला. ती म्हणाली, "देतात तर तोंड का एवढंसं झालंय? गप ठेव. तुझ्या बापाला बी असाच डबा द्यायची, आणि तो समद्या बोटीला वाटून उपाशी राहायचा." मग ती बाकड्यावर बसलेल्या बाईशी बोलायला गेली आणि पोरगा माझ्याजवळ सरकला. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, या खेपेला आमच्याकडे पाहुणे आहेत." आम्हीसुद्धा त्यांना पाहुणेच म्हणायचो. कमांडो हा शब्द बोटीत कोणी उच्चारत नसे. तो पुढे म्हणाला, "मला एकदा नीट सांगा. ते तीन ठोके, समुद्राच्या तळाच्या तडतडीतून वेगळे कसे ओळखले तुम्ही? मी सरावाच्या टेप ऐकल्यात, पण तुम्ही प्रत्यक्ष ऐकलंय." मी म्हणालो, "कोरडे असतात." तो म्हणाला, "कोरडे म्हणजे?" मी म्हणालो, "म्हणजे लांबून कोणी दगडावर दगड मारावा तसे. तडतड ओली असते, हे कोरडे." त्याने मान हलवली. वहीत लिहून घेतल्यासारखी मान हलवली, आबा. तेवढ्यात गाडी आली.

मी ते ठोके ऐकले नव्हते.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. लिहून उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. आता सगळं सांगतो, तुम्हाला पाणबुडीतलं फारसं माहीत नाही म्हणून सावकाश सांगतो.

आमच्या बोटीच्या पुढच्या भागात टॉर्पेडो ठेवायची जागा होती. पाहुणे आले की तिथेच, त्या लोखंडी नळकांड्यांच्या मधल्या फळ्यांवर झोपायचे. त्यांना किनाऱ्याजवळ गुपचूप सोडायचं आणि काम झालं की परत घ्यायचं, एवढंच आमचं काम. टॉर्पेडो ज्या नळीतून सुटतो त्याच नळीतून माणसं बाहेर जातात. पोटावर सरपटत आत शिरायचं, मागचं झाकण लागतं, नळीत पाणी भरतं, पुढचं झाकण उघडतं, आणि माणूस समुद्रात. नळी हातभर रुंद. पाणी भरताना आतून एक ठोका आला की समजायचं, ठीक आहे. परत येताना बोट कुठे आहे ते त्यांना दिसत नाही आणि ते कुठे आहेत ते आम्हाला दिसत नाही. म्हणून त्यांच्याजवळ लोखंडाचे दोन तुकडे असायचे. ते एकमेकांवर तीनदा आपटायचे. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाने ऐकायचे आणि दिशा सांगायची. तो माणूस मी.

त्या वेळी लढाई वगैरे काही नव्हती. सराव होता, तोही दिवसाउजेडी, कारण पाहुण्यांत दोघे नवीन होते. जागा कोणती ते मी तेव्हाही सांगितलं नाही, आताही सांगत नाही. चौघे गेले, दोन जोड्यांत. त्यातला एक साताऱ्याकडचा होता, माझ्याच वयाचा. चार दिवस तो माझ्या शेजारी जेवला होता. मला म्हणायचा, "तुम्ही पेणवाले एक तर गणपती करता नाही तर मीठ. पाणबुडीत तुझं काय काम?" मी म्हणायचो, "आणि तुमच्याकडे गुडघाभर पाणी दिसलं की माणसं नारळ वाहतात, तुझं तरी काय काम?" तो हसायचा. नळीत शिरताना मात्र हसला नाही. माझ्याकडे बघून नुसती बोटं वर केली.

परतायची वेळ बाराची ठरलेली होती. बारानंतर बोट थांबणार नव्हती. ओहोटी लागली होती, तिथे पाणी मुळातच कमी, आणि दुपारी मासेमारीचे ट्रॉलर त्या बाजूला यायचे. त्यांच्या जाळ्यात पाणबुडी अडकली तर काय होतं ते आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. पहिली जोडी साडेअकराला आली. त्यांचे ठोके मी स्वच्छ ऐकले, दिशा सांगितली, ते आत आले. दुसरी जोडी आली नाही. पावणेबारा झाले, बारा झाले. कमी पाण्यात समुद्राचा तळ सतत तडतडत असतो, कढईत मोहरी तडतडावी तसा. बारीक कोळंबीसारखे जीव असतात, त्यांचा तो आवाज. त्या तडतडीत मी ठोके शोधत होतो. कानात घाम उतरला होता. काही नव्हतं. खरंच काही नव्हतं, आबा. कॅप्टन माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी हळूच विचारलं, "कुछ सुनाई दिया?" त्यांनी बोट वळवायचा हुकूम ओठांवर आणला होता, मला तो जाणवत होता. आणि मी म्हणालो, "यस सर. तीन ठोके. कमजोर." त्यांनी विचारलं, "पक्का?" मी म्हणालो, "पक्का, सर." दिशा विचारली, तीही मी सांगितली. मनाला येईल तो आकडा सांगितला.

बोट थांबली. बेचाळीस मिनिटं थांबली. त्या बेचाळीस मिनिटांत मी जे ऐकलं ते मात्र खरं होतं. ट्रॉलरचं इंजिन. आधी लांब, मग जवळ. मी दर मिनिटाला दिशा सांगत होतो आणि ती बदलत नव्हती, म्हणजे तो थेट आमच्यावर येत होता. बोटीत आम्ही एकाहत्तर माणसं. स्वयंपाकी हातात पातेलं धरून तसाच उभा, ठेवलं तर आवाज होईल म्हणून. मग वरून ट्रॉलरच्या जाळ्याची तार घासत गेल्याचा आवाज आला. तो हेडफोनशिवाय सगळ्यांनी ऐकला. माझ्या शेजारचा पोरगा पुटपुटत देवाचं नाव घेत होता, आणि मला वाटत होतं, याला सांगावं, की बाबा, आपण माझ्या तोंडामुळे इथे आहोत. ट्रॉलर गेला. काही अडकलं नाही. मग पेरिस्कोपवरच्या अधिकाऱ्याला लाटांत काहीतरी नारिंगी दिसलं, बोट वर आली आणि दोघांना ओढून घेतलं. एकाच्या पायाला पेटका आला होता, साताऱ्यावाल्याने त्याला ओढत आणलं होतं. त्यांना पेरिस्कोप दिसला आणि त्याच्या रोखाने ते येत राहिले.

थोड्या वेळाने कॅप्टनने दोघांना विचारलं, मीही तिथे होतो. "ठोके दिले ना तुम्ही? याने ऐकले म्हणून आपण थांबलो." साताऱ्यावाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कमरेला लोखंड अडकवायची दोरी होती, ती रिकामी होती. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं. तो म्हणाला, "दिले, सर. तीन." मग माझी पाठ थोपटली गेली, सगळीकडे नोंद झाली, आणि गोष्ट तयार झाली. दोन दिवसांनी जेटीवर उतरताना तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "लोखंड तर तासभर आधीच हातातून सुटलं होतं." तो थांबला नाही. पुन्हा आमची गाठ पडली नाही.

रजेवर घरी आलो तेव्हा ही गोष्ट माझ्याआधी गावात पोचली होती. आमच्याच बोटीवरच्या अलिबागकडच्या एकाने सांगितली होती. आईने दारात भाकरतुकडा ओवाळला. शेजारी आले, मिठागरावरची माणसं आली. तुम्ही ओट्यावर बसून टोपलीची निघालेली कड वळत होता. सगळे उठून गेल्यावर, मान वर न करता तुम्ही विचारलंत, "खरंच ऐकलंस?" मी म्हणालो, "व्हय." तुम्ही टोपली खाली ठेवलीत आणि माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मंग बरं झालं." तेवढंच. सगळ्या जगात तो प्रश्न तुम्ही एकट्यानेच विचारलात. तुम्ही का विचारलात ते मला माहीत होतं.

उघाडीचा दिवस तुम्ही विसरला नव्हता. मीही विसरलेलो नाही. माझी दहावी झाली होती. भाताची आवणी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर काढायचं म्हणून खाडीच्या बांधातल्या दोन्ही उघाड्यांची दारं मोकळी होती. भरती चढायच्या आत फळ्या टाकल्या नाहीत तर खारं पाणी शेतात शिरणार. ते तुमचं काम, गावाने तुमच्यावर सोपवलेलं. बायका उघाडीखालच्या नळात, पाणी जायच्या चरात, निवट्या मासे धरायला उतरायच्या. फळ्या टाकण्याआधी तुम्ही बांधावरून हाक मारायचा, "कोन हाय गो खाली? वर या!" आणि प्रत्येक बाई आपापल्या आवाजात ओ द्यायची. फळी पडली की वर यायची वाट बंद, म्हणून जितक्या उतरल्या तितक्या ओ मोजल्याशिवाय फळी पडत नसे. डोळ्यांनी मोजायचं नाही, कारण तिवरांच्या झाडीत माणूस दिसत नाही. आवाज मोजायचे. त्या दिवशी तुम्ही मला अलीकडच्या उघाडीवर उभं केलंत आणि पलीकडची बंद करायला गेलात. सहा बायका उतरल्या होत्या. मी हाक मारली, पाच ओ आल्या. वाऱ्याने सहावी ऐकू आली नसेल, असं मी मनाशी म्हटलं. पावसाने उसंत दिली म्हणून पलीकडच्या गावात क्रिकेटची मॅच होती आणि मला उशीर होत होता. तुम्ही परत आलात. "सहा?" मी म्हणालो, "सहा." तुम्ही म्हणालात, "सहावी कोनाची ऐकलीस?" मी म्हणालो, "काकूची."

तुम्ही फळी हातात घेतलीत. भरतीचं पाणी नळात शिरायला लागलं होतं. मग फळी तशीच बांधावर ठेवलीत आणि खाली उतरलात. काकू आतल्या दगडांत पाय अडकून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिला बाहेर काढेपर्यंत उशीर झाला आणि खारं पाणी शेतात गेलं. ती वर आली ती ओरडतच आली, "कवाधरनं बोंबलतेय! समदे भयरे झालेत का?" आणि दुसऱ्या क्षणाला, "माझी टोपली कुनी घेतली? अर्धी भरली व्हती!" तुम्ही तिला टोपली शोधून दिलीत. त्या वर्षी आपली आणि शेजारच्या चौघांची रोपं पिवळी पडून गेली. लोक तुम्हाला बोलले. "डुलकी लागली असंल बांधावर," असं एक जण तोंडावर म्हणाला. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, माझं नाव काढलं नाहीत. रात्री जेवताना आई वाढत होती. मी मार खायला तयार होऊन बसलो होतो. तुम्ही भातात आमटी कालवत म्हणालात, "नाय ऐकलं तर नाय म्हनायचं. एवढा जड सबूद हाय का तो?" आणि जेवायला लागलात.

मी तुम्हाला सांगणार होतो. पुढच्या रजेत सांगू असं प्रत्येक रजेत ठरवायचो. मग तुम्ही गेलात तेव्हा मी पाण्याखाली होतो, आणि मला कळलं तेव्हा तुमचा दहावाही होऊन गेला होता.

आता पोराचं काय करू? सकाळपासून माझं डोकं एकाच जागी फिरतंय. तो तिथे बसेल, कानाला हेडफोन लावून, आणि माझे कोरडे ठोके शोधेल. असे ठोके असतात की नाही मला माहीत नाही. कमजोर ठोके कसे लागतात हे मला खरंच माहीत नाही, मी जवळचे, जोराचे तेवढे ऐकलेत. त्याच्यामागेही कोणी कॅप्टन येऊन उभा राहील. बापाने ऐकले होते, म्हणजे मलाही ऐकू यायला हवेत, असं त्याला वाटलं तर? तडतडीतला कुठलाही आवाज त्याला कोरडा वाटेल. आणि त्या वेळी वर ट्रॉलर नसेल, दुसरं काही असेल. त्याचा हा सराव आहे की खरं काम, हेही त्याने सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

सव्वापाच झाले. मधे लिहायचं थांबवून मी त्याला फोन लावला. तीन वेळा लावला, तिसऱ्यांदा लागला. मागे गाड्यांचा आवाज होता. मी म्हणालो, "बाजूला ये जरा." तो म्हणाला, "आई पोचली ना?" मी म्हणालो, "पोचली. ऐक. ते ठोके मी ऐकले नव्हते." तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हणालो. लोखंड हरवलं होतं, त्यांनी ठोकलंच नव्हतं, कोरडे वगैरे मी आज सकाळी मनचं सांगितलं. तो म्हणाला, "किती जण होते आत?" मी म्हणालो, "एकाहत्तर." तो म्हणाला, "आणि ट्रॉलर वरून गेला. ते तरी खरं?" मी म्हणालो, "ते खरं." मग त्याच्या आवाजात जे आलं ते मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. "बाबा, मी तुमच्यामुळे हे काम मागून घेतलंय." मी म्हणालो, "म्हणूनच सांगतोय. नाही ऐकलं तर नाही म्हण. कोणी मागे उभं राहिलं तरी." तो म्हणाला, "आणि ते दोघे? तुम्ही नाही म्हणाला असता तर?" मग म्हणाला, "आईला सांगू नका. ती सगळ्यांना सांगत असते." आणि, "ठेवतो. आत जायचंय."

रागावला का, ते कळलं नाही. आता दुसरीच भीती बसलीय. खरंच कोणी तिथे लोखंडावर लोखंड आपटत असेल, खरंच कमजोर तीन ठोके येतील, आणि माझं हे ऐकून तो स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणार नाही, नाही म्हणेल, बोट वळेल. सांगितलं नसतं तर एक भीती होती, सांगितल्यावर दुसरी आली. तुम्ही असता तर काय म्हणाला असता याचा अंदाज मी आजवर सहज करायचो. आज मला तो येत नाही.

शिवाय एक राहिलंच. लोक म्हणतात मी त्या दोघांना वाचवलं. माझ्याही मनाला मी इतकी वर्षं तेच सांगत आलो, की खोटं बोललो पण साताऱ्यावाल्यासाठी बोललो. तसं नाही, आबा. त्या क्षणी मला तो आठवलाही नव्हता. कॅप्टन मागे उभे होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. बांधावर होतं तसंच. तेव्हा मॅच होती, इथे तर तेही नव्हतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. नळाला पाणी आलं. उठून पिंप भरायला लावतो.